वहीशी खोटे बोलू नये

गेल्या बुद्धपौर्णिमेची गोष्ट. सायंकाळी आमच्या वस्तीतील विहारात बुद्धवंदना झाली, भंतेजींचे प्रवचन झाले आणि खीरदानाला सुरुवात झाली. पंगतीत खीर वाढीत एक भगिनी आमच्यापुढे आल्या. आम्ही द्रोणावर हात आडवा धरला. त्या म्हणाल्या, "दादा, असं काय करता? सुजातामातेची खीर आहे. आजच्या दिवशी नाही म्हणू नये."

याआधी अशा वेळी आम्ही "पोट भरलंय" म्हणत असू, नाहीतर द्रोण घेऊन गुपचूप शेजारच्या मुलापुढे सरकवत असू. त्या दिवशी मात्र तोंडून निघून गेले, "ताई, मला मधुमेह आहे. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घेतो. दोन चमचे वाढा, तेवढी पुरे." ध्वनिक्षेपक नुकताच बंद झाला होता. त्यामुळे आमचे बोलणे पंगतभर ऐकू गेले. दोन-चार माना वळल्या. आम्ही मान खाली घालून दोन चमचे खीर खाल्ली.

कार्यक्रम संपल्यावर चपला शोधत होतो, तोच एक रिक्षाचालक बंधू जवळ आले. हळूच म्हणाले, "दादा, मलापण शुगर आहे. घरी ठाऊक आहे, बाहेर कुणाला नाही." कोपऱ्यावर पोहोचेपर्यंत आणखी तिघे भेटले. एक निवृत्त शिक्षक, चार घरची पोळी-भाजी करणाऱ्या एक ताई आणि अठ्ठावीस वर्षांचा एक तरुण. प्रत्येकाचे म्हणणे एकच: "मलापण आहे, पण कुणाला सांगू नका." एकाच पंगतीत आम्ही पाच जण बसलो होतो आणि पाचही जण एकमेकांपासून लपलो होतो.

त्या चौघांसाठी हा लेख. आम्ही डॉक्टर नाही. कारखान्यात तीन पाळ्यांत राबून निवृत्त झालेले कामगार आहोत. औषध कोणते व किती घ्यावे हे आम्ही सांगणार नाही, तो अधिकार डॉक्टरांचा. आम्ही फक्त आमची चूक सांगणार आहोत. कारण या आजारात डॉक्टर आपल्याला दोन-तीन महिन्यांतून दहा मिनिटे पाहतात, उरलेले सारे दिवस आपला इलाज आपल्याच हातात असतो. आणि तो हात जर खोटा असेल, तर कोणतेही औषध चालत नाही.

आम्हांला मधुमेह असल्याचे २००९ साली कळले. रात्री चार-चार वेळा लघवीला उठणे, घसा सारखा कोरडा, आणि वजन कमी होत चाललेले. आम्हांला वाटले रात्रपाळीचा परिणाम. पायाच्या बोटांमधील चिखल्या महिनाभर बऱ्या होईनात, तेव्हा डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले. उपाशीपोटी साखर २१२ आणि जेवणानंतर ३२४. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून अधिक आकडा आला की मधुमेह समजतात. आमचा त्याच्या कितीतरी पुढे गेला होता.

घरी येऊन सहचारिणीला सांगितले, ते दार लावून. त्या वर्षी मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती. "बापाला शुगर आहे" हे पाहुण्यांच्या कानी गेले तर काय, ही एक भीती. कारखान्यात कळले तर हलक्या कामावर टाकतील, जादा कामाचे पैसे बुडतील, ही दुसरी. आणि खरे सांगायचे तर लाज वाटत होती. लोक म्हणतात, गोड खाऊन खाऊन झाला. आम्ही कुठले एवढे गोड खाणारे? ज्या घरात साखर पावशेराने येत असे, त्या घरातले आम्ही. पण आपणच काही गुन्हा केला आहे असे वाटत राहिले.

आज आम्हांला कळते की ही लाज अज्ञानातून आली होती. आईवडिलांकडून आलेला कल, वाढलेले पोट, अंगमेहनत कमी होणे, अपुरी झोप, ताण अशा अनेक गोष्टी मिळून हा आजार होतो. केवळ गोडाने होत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. एवढ्या लोकांनी काय एकदम गुन्हा केला?

असो. गोळ्या सुरू झाल्या. पहिला महिना नेमाने घेतल्या. पण एका गोळीने पोट बिघडे. रात्रपाळीत यंत्र सोडून वारंवार जाता येत नसे, म्हणून पाळीच्या दिवशी गोळी बंद. मग सुट्टीच्या दिवशीही विसरू लागलो. ती गोळी जेवणाबरोबर घ्यावी म्हणजे पोटाला त्रास कमी होतो, ही साधी गोष्ट आम्ही विचारलीच नाही. डॉक्टरांना "गोळी सोसत नाही" म्हणायचीही चोरी वाटली.

आणि मग आम्ही एक युक्ती शोधून काढली. आमची खात्री आहे की ही युक्ती पुष्कळ वाचकांनाही ठाऊक असेल. तपासणीची तारीख जवळ आली की आठ दिवस आधी शहाण्यासारखे वागायचे. भात बंद, चहा बिनसाखरेचा, गोळ्या वेळच्या वेळी, सकाळी उठून फिरणे. जशी शाळेत परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मुले पुस्तक उघडतात तशी. उपाशीपोटी आकडा येई ११८, १२४. डॉक्टर म्हणत, "छान! असेच चालू ठेवा." आम्ही घरी येत असू आणि दुसऱ्या दिवशी डेपोच्या बाहेरच्या गाडीवर दोन वडापाव आणि कटिंग. सहचारिणी म्हणे, "अहो, तुम्ही डॉक्टरला फसवता की स्वतःला?" आम्ही हसण्यावारी नेत असू. चार वर्षे हे चालले.

२०१३ साली दवाखान्यात नवे डॉक्टर आले. त्यांनी एक वेगळी तपासणी लिहून दिली: एचबीएवनसी. आम्ही नेहमीप्रमाणे आठ दिवस अभ्यास करून गेलो. उपाशीपोटी साखर १२१ आली आणि ही नवी तपासणी आली १०.४. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. म्हणाले, "काका, हे दोन कागद एकाच माणसाचे वाटत नाहीत."

वाचकांनी ही तपासणी नीट समजून घ्यावी. रक्तातील तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. रक्तात साखर जितकी जास्त, तितकी ती त्या पेशींतील हिमोग्लोबिनला अधिक चिकटते. म्हणून या तपासणीत गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दिसते. आदल्या आठवड्याच्या उपासाने ती पुसली जात नाही. ६.५ टक्के किंवा अधिक म्हणजे मधुमेह. मधुमेह असणाऱ्या बहुतेकांनी ती ७ च्या खाली ठेवावी असे सांगतात, वयस्कर किंवा इतर आजार असलेल्यांसाठी डॉक्टर थोडी सैल मर्यादा ठरवतात. एक गोष्ट विदर्भातील बंधू-भगिनींसाठी मुद्दाम लिहितो. त्या भागात आपल्या समाजातील अनेक घरांत सिकलसेल आढळतो. सिकलसेल असेल किंवा पंडुरोग असेल, तर ही तपासणी फसवी येऊ शकते. तेव्हा ती गोष्टही डॉक्टरांपासून लपवू नये.

त्या दिवशी आमच्यापुढे खरे बोलण्याची संधी होती. "डॉक्टरसाहेब, मी गोळ्या घेतच नाही," एवढे एक वाक्य. पण चार वर्षांच्या खोट्याने जीभ जड झाली होती. आम्ही गप्प बसलो. डॉक्टर समजले की औषध कमी पडते. त्यांनी गोळ्या वाढवल्या आणि एक जास्त जोराची नवी गोळी दिली. त्यांची काय चूक? आम्ही जे दाखवले त्यावरच त्यांनी निर्णय घेतला.

घरी तो १०.४ चा कागद सहचारिणीने पाहिला आणि कंबर कसली. गोळ्या स्वतःच्या ताब्यात घेतल्या. सकाळ-संध्याकाळ समोर उभी राहून गिळायला लावू लागली. म्हणजे ज्या माणसाने आजवर औषध जवळजवळ घेतलेच नव्हते, तो एकदम दुप्पट औषध घेऊ लागला. पाचव्या दिवशी रात्रपाळी होती. संध्याकाळी गोळी घेतली आणि उशीर झाला म्हणून डबा तसाच घेऊन पळालो. म्हटले तिथे जेवू. यंत्रात बिघाड झाला, जेवण राहिले. दहाच्या सुमारास हात थरथरू लागले, थंड घाम सुटला, डोळ्यांपुढे दोन-दोन यंत्रे दिसू लागली. मुकादमाने काही विचारले, आमचे उत्तर बोबडे आले. चालताना तोल गेला.

मुकादम ओरडला, "पिऊन आलाय हा! काढा बाहेर!"

वाचकहो, ज्याने उभ्या आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही, ज्याच्या वडिलांनी १९५६ साली धम्मदीक्षा घेतल्या दिवसापासून दारूबरोबर विडीही सोडली, त्याला दोन माणसांनी बखोट्याला धरून फाटकापाशी नेऊन बसवले. आम्हांला बोलायचे होते, पण शब्द जुळेनात. एका जोडीदाराच्या आईला मधुमेह होता. तो पळत आला, तोंडाचा वास घेतला आणि म्हणाला, "अरे, हा प्यायलेला नाही. याची शुगर उतरली आहे!" कॅन्टीनमधून चहात तीन-चार चमचे साखर घालून त्याने घोट-घोट पाजला. पंधरा मिनिटांनी जग जागेवर आले. त्या भावाने तेवढ्यावर सोडले नाही. डबा उघडून भाकरी खायला लावली आणि दवाखान्यात नेले, कारण अशा गोळीचा अंमल बराच वेळ राहतो आणि साखर पुन्हा उतरू शकते.

त्या रात्री दवाखान्यातील खाटेवर आम्ही डॉक्टरांना पहिल्यापासून सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "काका, म्हणजे आजपर्यंत मी तुमच्यावर इलाज करतच नव्हतो. तुम्ही दाखवलेल्या दुसऱ्याच माणसावर करत होतो." मग त्यांनी गोळ्यांचा हिशेब नव्याने मांडला, पोट बिघडवणारी गोळी जेवणाबरोबर घ्यायला सांगितली आणि एक शंभर पानी वही करायला सांगितली. "चांगले आकडे लिहिण्यासाठी वही नको," ते म्हणाले, "खरे आकडे लिहिण्यासाठी हवी."

त्याच वर्षीच्या वर्षावासात विहारात भंतेजींनी महावग्गातील एक प्रसंग सांगितला. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आजारी, स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता आणि कुणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी मागवले, दोघांनी मिळून त्या भिक्खूला स्वच्छ केले आणि उचलून बिछान्यावर निजवले. मग त्यांनी भिक्खूसंघाला एकमेकांची शुश्रूषा करण्याची शिकवण दिली. ही कथा आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. पण तिच्या पुढचा भाग आम्ही त्या दिवशी प्रथमच ऐकला. शुश्रूषा करणारा कसा असावा हे जसे तथागतांनी सांगितले, तसे रोगी कसा असावा हेही सांगितले. ज्याची सेवा करणे सोपे जाते अशा रोग्याची पाच लक्षणे आहेत. तो आपल्याला हितकारक तेच करतो, हितकारक गोष्टीतही प्रमाण ओळखतो, औषध घेतो, दुखणे वाढले की कमी झाले की तसेच आहे हे सेवा करणाऱ्याला जसे आहे तसे सांगतो आणि वेदना धीराने सोसतो.

आम्ही मनातल्या मनात एकेक बोट मोडत होतो. पाचांपैकी चारांत आम्ही नापास. पंचशील म्हणताना चौथे शील आम्ही हजारो वेळा उच्चारले असेल. खोटे बोलणार नाही म्हणजे कोर्टात, व्यवहारात, शेजाऱ्याशी, एवढेच आम्ही समजत होतो. आपल्या आजाराशी, आपल्या डॉक्टरांशी बोललेले खोटेही खोटेच, हे अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवले होते.

त्याच वर्षावासातली आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती अनेकांच्या उपयोगाची आहे. पौर्णिमेला अष्टशील घेणारे उपासक-उपासिका दुपारनंतर जेवत नाहीत. गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिले तर काय होते हे आम्ही भोगले होते. आम्ही भीत भीत भंतेजींना विचारले. ते म्हणाले, "विनयात आजारी भिक्खूंसाठी तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी-गूळ या पाच वस्तू औषध म्हणून अवेळीही घेण्याची मुभा आहे. आजाऱ्याने जीव धोक्यात घालावा असा हा धम्म नाही. तुम्ही आधी डॉक्टरांना विचारा. ते नको म्हणाले तर अष्टशीलाऐवजी पंचशील उत्तम पाळा." मनावरचे मोठे ओझे उतरले.

आता आमच्या थोरल्या बंधूंविषयी. दादा गावी असत. त्यांनाही मधुमेह, आणि त्यांना इन्सुलिन सुरू झाले होते. एका बाजाराच्या दिवशी गाडी लावून औषधे विकणारा एक जण आला. "तीन पुड्या घ्या, मधुमेह मुळासकट जाईल, सुई कायमची बंद." दादांनी सुई बंद केली. वहिनींनी विरोध केला तर म्हणाले, "मला काय झालंय? काही दुखत नाही." तेच तर संकट होते. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायांच्या शिरा बधिर होतात. चपलेचा खिळा तळव्यात घुसला होता. दादा त्याच चपलेने दोन दिवस हिंडले. वहिनींना मोज्यावर डाग दिसला तेव्हा जखमेत पू झाला होता. तरी आम्हांला मुंबईत कळवले नाही, "तो काळजी करील" म्हणून. २०१६ साली त्यांचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. त्यानंतर ते तीन वर्षे जगले.

दादा अडाणी नव्हते. गावात बाबासाहेबांची जयंती त्यांनीच सुरू केली. देव, अंगारा, गंडेदोरे त्यांनी घराबाहेर काढले. पण तीच अंधश्रद्धा पुडीत बांधून "आयुर्वेदिक" म्हणून आली, तेव्हा ती त्यांना ओळखता आली नाही. कारले, मेथी, जांभळाच्या बिया भाजीपाल्यासारख्या खाव्यात, त्याला हरकत नाही. पण डॉक्टरांची गोळी किंवा सुई बंद करून त्यांच्यावर विसंबू नये. आणि गूळ, मध यांनीही साखर साखरेसारखीच वाढते.

दादांचा पाय गेल्यापासून आम्ही रोज रात्री पाय धुऊन, बोटांमधील जागा कोरडी करून, आरसा धरून तळवे पाहतो. डोळ्यांनी नीट दिसत नाही त्या दिवशी नात पाहते. अनवाणी घरातही चालत नाही. चपलेत पाय घालण्याआधी ती झटकतो. बधिर झालेला पाय खोटे बोलतो, म्हणून त्याला विचारायचे नाही, डोळ्यांनी पाहायचे.

आम्हांला २०१८ साली इन्सुलिन सुरू झाले. "सुई लागली म्हणजे शेवट आला" असे आपल्याकडे म्हणतात. आम्हीही दोन रात्री झोपलो नाही. पण वर्षे जातात तसे शरीरात तयार होणारे इन्सुलिनच कमी होत जाते, मग ते बाहेरून द्यावे लागते. यात हार कसली? १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधले. त्याआधी ज्या मुलांना हा आजार होई ती वाचत नसत. शोध लावणाऱ्यांनी त्याचे हक्क विद्यापीठाला अवघ्या एकेका डॉलरला देऊन टाकले. ते सर्वांचे असावे हा त्यांचा हेतू. १४ नोव्हेंबर हा बँटिंग यांचा जन्मदिवस, म्हणून तो जागतिक मधुमेह दिन.

सुईबाबत एक इशारा. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात मिळणारी इन्सुलिनची बाटली बहुधा ४० युनिटची असते, तिला लाल टोपणाची ४० ची सिरिंज लागते. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी असते. ही अदलाबदल झाली तर हिशेब अडीचपट चुकतो, एकीकडे औषध अपुरे पडते, दुसरीकडे जीवावर बेतते. दुकानदाराने जे दिले ते न पाहता घेऊ नये. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो का ते पाहावे. आणि ज्यांच्या घरी फ्रीज नाही त्यांनी घाबरू नये. बाटली प्लास्टिकच्या डबीत घट्ट बंद करून, पाणी आत जाणार नाही अशा बेताने, छोट्या मातीच्या मडक्यात सावलीला ठेवावी. मडके ओले ठेवावे. फ्रीज असेल तर दारातल्या कप्प्यात ठेवावी, बर्फाच्या खणात कधीही नाही. गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

जेवणाचे म्हणाल, तर आमच्या घरात "शुगरवाल्याचा वेगळा स्वयंपाक" होत नाही. तो परवडत नाही आणि त्याची गरजही नाही. ताटाचा अर्धा भाग पालेभाजी, गवार, दुधी, काकडी अशा भाज्यांचा. पाव भाग डाळ, उसळ, अंडे, मासळी किंवा चिकनचा. उरलेल्या पाव भागात भाकरी किंवा भात, दोन्ही एकदम नाही. नाचणीची भाकरी चांगली, पण "नाचणी आहे" म्हणून चार खाल्ल्या तर साखर वाढणारच. सुकट-बोंबील आम्हांला जिवापाड आवडतो. रक्तदाबामुळे खार धुऊन काढून, कधीमधी खातो.

प्रमाणाविषयी कोसल देशाच्या पसेनदी राजाची गोष्ट आहे. तो भरमसाट जेवे आणि धापा टाकीत तथागतांकडे येई. तथागतांनी प्रमाणात जेवण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करून आपल्या जेवणाच्या वेळी म्हणायला सांगितले, त्याबद्दल रोजचे शंभर कार्षापण ठरवले. हळूहळू राजाचे जेवण आटोक्यात आले आणि शरीर हलके झाले. आमच्या घरचा सुदस्सन म्हणजे आमची नात. आम्ही दुसऱ्यांदा भात घ्यायला हात पुढे केला की ती नुसती वहीकडे बोट दाखवते. तिला कार्षापण मिळत नाहीत, पण ती राजाच्या नोकराहून कडक आहे.

त्या वहीत चार रकाने आहेत. तारीख, आकडा, काय खाल्ले आणि काय घडले. ग्लुकोमीटरची पट्टी महाग पडते, म्हणून रोज तपासत नाही. डॉक्टरांनी ठरवून दिले आहे त्याप्रमाणे आठवड्यातून तीन वेळा, कधी सकाळी उपाशी, कधी जेवणानंतर दोन तासांनी, आणि हातपाय थरथरले तर ताबडतोब. आकडा ७० च्या खाली गेला की तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, मग थोडे जेवण. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचे नाही, सरळ दवाखाना. वर्षातून एकदा डोळ्यांच्या पडद्याची आणि मूत्रपिंडाची तपासणी. गोळ्या जनऔषधी केंद्रातून घेतल्या तर खर्च बराच कमी होतो.

शेवटी बाबासाहेबांची आठवण. घटनेच्या कामाचा डोंगर उपसत असताना ते मधुमेहाने आजारी होते. पायातील वेदनांनी त्यांना रात्ररात्र झोप येत नसे. आपल्या प्रकृतीविषयी त्यांनी जवळच्या माणसांना पत्रांतून मोकळेपणाने लिहिले, ते लपवले नाही. उपचारासाठी मुंबईला आले असता त्यांची डॉ. शारदा कबीर यांच्याशी ओळख झाली, १५ एप्रिल १९४८ रोजी विवाह झाला आणि पुढे माईसाहेबांनी त्यांचे पथ्यपाणी आणि इन्सुलिन सांभाळले. त्या शरीरानिशी त्यांनी देशाला संविधान दिले, १९५६ साली नागपूरला आपल्याला धम्म दिला आणि अखेरपर्यंत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे काम केले. ज्या आजाराची बाबासाहेबांना लाज वाटली नाही, त्याची आपण का वाटून घ्यावी?

पौर्णिमेनंतर आम्ही पाच जण विहारात बसलो. दोन गोष्टी ठरल्या. विहाराच्या औषधपेटीत साखरेची एक डबी आणि ग्लुकोमीटर ठेवायचा. आणि महिन्यातल्या एका रविवारी, वंदनेनंतर, ज्याने त्याने आपापली वही घेऊन यायचे. पहिल्या रविवारी पाच वह्या होत्या. परवा चौदा झाल्या. त्या खीर वाढणाऱ्या भगिनीही वही घेऊन आल्या होत्या. आपल्यालाही आहे, हे त्यांना तपासल्यावर कळले.

आमचा आज सकाळचा आकडा १७४ आहे. काल पुतण्याच्या लग्नात दोनदा भात घेतला. तोही वहीत लिहिला आहे.

जयभीम.